झाडू थांबला ती कविता

बाई, तुमच्या माणसांना अजून माहीत नाही.

घरच्यांना माहीत आहे, शाळेला माहीत आहे, पाम गावातल्या तुमच्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे. मी म्हणते ती संगणकातली माणसं. तुमच्या त्या ग्रंथपालांच्या साईटवरची. गेले दोन सोमवार आपल्या शाळेतून कविता गेली नाही, म्हणून ते विचारतायत. "मॅडम, या आठवड्याची कविता?" "मॅडम, तब्येत बरी ना?" एका बाईंनी नुसतंच लिहिलंय, "वाट बघतोय."

मुख्याध्यापक सर काल म्हणाले, "भानूताई, पासवर्ड तुम्हालाच माहीत आहे. दोन ओळी लिहून कळवून टाका." मी मान हलवली आणि घंटा द्यायला गेले. दोन ओळी! अनोळखी माणसापुढे माझ्या तोंडातून दोन शब्द निघत नाहीत, हे सरांना माहीत आहे. तरी सांगितलं, कारण दुसरं कोणी नाही. मी नाही लिहिलं तर ते लोक अजून थोडे दिवस विचारतील, मग विचारायचे थांबतील. दांडी गावच्या शाळेतल्या बाई एक दिवस आपल्याला कंटाळल्या आणि निघून गेल्या, असं त्यांना वाटेल. ते मला चालणार नाही. पण लिहायचं कसं?

म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. तुमच्याशी बोलायची मला भीती नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं सोडून.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हे सगळं सरांनी शोकसभेत वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. पण त्यात तुमची बडीशेपेची डबी नव्हती. रिक्षावाल्याशी भांडून झाल्यावर त्यालाच बडीशेप देणाऱ्या बाई त्यात नव्हत्या. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि वाटत होतं, हे कोणाबद्दल चाललंय?

मला आठवतं ते असं. तुम्ही नव्या होतात. कोल्हापूरकडच्या, वीज प्रकल्पातल्या माणसाची बायको, म्हणून आम्ही जरा दबकूनच होतो. ग्रंथालयाची खोली झाडायला मी आले की तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसलेल्या असायच्या. मी दारातूनच हात लांब करून जेवढं पोचेल तेवढं झाडायचे. एक दिवस तुम्ही चष्मा वर केलात.

"अगं आत ये की. दारातनं काय झाडतीस? मी चावते का?"

"नाय बाई."

"मग? पुस्तकं चावतात?"

"ती पण नाय."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"मग वाचायला येतंय की तुला. नीट झाड, कोपऱ्यातनं."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यापर्यंत गेले.

मग शाळेला संगणक आला आणि तुम्हाला ती साईट सापडली. तुम्ही लहान मुलीसारख्या नाचलात. शाळांच्या ग्रंथपालांनी मिळून चालवलेली साईट. मुलांना वाचायची गोडी कशी लावायची, कवितेच्या तासाला काय करायचं, भिंतीवर कसले तक्ते लावायचे, सगळं तिथे. कविता तर पोत्याने. हव्या तेवढ्या छापून घ्या. आणि शेवटी गप्पांचं पान, तिथे कोणी धाराशिवहून लिहितंय, कोणी गोंदियाहून. तुम्ही म्हणायच्या, "भानू, आजवर मला वाटायचं ग्रंथपाल म्हणजे सबंध शाळेत एकटं माणूस. हे बघ, ही सगळी एकटी माणसं एका ठिकाणी बसलीत."

आपल्याकडे रेंज अशी की पान उघडायचं तर ते चाक गोल गोल फिरत राही. खिडकीतून प्रकल्पाची चिमणी दिसते आणि दिवे आमचेच जातात, म्हणून तुम्ही वैतागायच्या. मग दिवे आले की घाईघाईने कविता उघडून मोठ्याने वाचायच्या. पुन्हा जायच्या आत. मी झाडत असायचे. मला वाटायचं, बाईंना मोठ्याने वाचायची सवय आहे.

वर्षभर मला वाटत राहिलं तसं.

मग एकदा मी संगणक पुसत होते आणि तुम्ही बाहेर गेला होतात. पडद्यावर गप्पांचं पान उघडं होतं. मी ओठ हलवत सावकाश वाचते, तुम्हाला माहीत आहे. पहिल्या ओळीतच मला माझं नाव दिसलं. तुम्ही लिहिलं होतं, "आमच्याकडे कविता निवडायची सोपी पद्धत आहे. मी दहा कविता मोठ्याने वाचते. तेव्हा आमच्या भानुमती खोली झाडत असतात. ज्या कवितेला झाडू थांबतो, ती सोमवारी फळ्यावर जाते. अजून एकदाही चूक झालेली नाही." खाली टाळ्यांची चित्रं. कोणीतरी विचारलं होतं, "तुमच्या भानुमती आम्हाला उसन्या मिळतील का?"

 तुम्ही आत आलात तर मी फडकं हातात धरून तशीच उभी.

"बाई, माजं नाव काढा तिथनं."

"का गं?"

"लोक हसतील. झाडूवाली कविता निवडते म्हणतील."

"हसतायत का बघ. उसनी मागतायत."

"मला नाय माहीत. काढा."

"अगं, पीएच.डी. झालेल्या बाई आहेत तिथं, त्यांना जमेना कुठली कविता पोरांना लागंल ते. तुला जमतंय."

"मला काय जमतंय? माजा हात दुकतो म्हणून थांबत आसंल."

"मग त्याच कवितेला कसा दुखतो?"

त्यावर मी रागावले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम न थांबता झाडलं. दहाच्या दहा कवितांना. त्याच त्याच फरशा दोनदा झाडल्या. तुम्ही वाचून दमलात आणि म्हणालात, "भानू, खोली आता चाटून घेण्यासारखी झाली. कविता मात्र एक नाही." मला हसू आलं. पण हट्ट सोडला नाही. शेवटी तुम्ही माझं नाव काढून तिथे "आमच्याकडच्या एक वाचक" असं लिहिलंत.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. माझं नाव तिथे होतं तोवर मी रोज संगणक पुसायच्या निमित्ताने ते वाचून घ्यायचे. छापलेल्या अक्षरांत माझं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. तुम्ही ते काढलंत त्या दिवशी मी पुसायला गेले आणि मला फार वाईट वाटलं. काढायला मीच लावलं होतं, मग बोलणार कोणाला? तुम्ही परत लावाल म्हणून वाट बघत राहिले. तुम्ही माझ्या शब्दाला मान दिलात, हीच पंचाईत झाली.

आता बोंबलांचं. हे आठवलं की अजून हसू येतं, त्या शोकसभेतसुद्धा आलं, पदर तोंडाला लावून घेतला तर लोकांना वाटलं रडतेय.

तुम्ही म्हणाला होतात, "टेबलाखालचे कागद घेऊन जा, रद्दी आहे." टेबलाखाली दोन गठ्ठे होते. मी जाड होता तो नेला. माझी नणंद हिरू बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते, तिला कागद लागतात. तिने आठवडाभर त्यात बोंबील आणि जवळा बांधून दिला. इकडे तुम्ही खोली उलटीपालटी करताय. शंभर मुलांसाठी छापून ठेवलेली खेकड्याची कविता गेली कुठे? दोन पानांची होती. दुसऱ्या पानाचा गठ्ठा जागेवर, पहिल्या पानाचा गायब.

पुढच्या आठवड्यात हिरू माझ्या दारात.

"वयनी, तुजे कागद काय जादूचे हायत का गो?"

"का? काय झाला?"

"लोक मासळी सोडून कागद मागतात! तो कुंभवलीच्या कंपनीतला भैया रोज येतो. 'मौसी, वो केकड़े ने आगे क्या बोला?' मी म्हटला, बाबा माजे टोपलीत बोंबील हाय, खेकडा नाय. तर रागावला!"

मी कागद हातात घेतला. तेलकट झाला होता, वास मारत होता, पण अक्षरं दिसत होती.

खेकडा आला शाळेत, बसला पहिल्या बाकावर,
सरळ चाल म्हणताच चढला थेट खिडकीवर.

आणि पान संपत होतं तिथे लिहिलं होतं, "खिडकीतून खाली बघून खेकडा म्हणाला काय?"

तुम्ही शोधत होतात ती हीच. रात्री झोप नाही. सकाळी तुमच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता नोकरी जाते. तुम्ही चष्मा काढलात. मग टेबलावर डोकं ठेवलंत आणि तुमची पाठ हलायला लागली. मी घाबरून पाणी आणलं. तुम्ही डोकं वर केलंत तर डोळ्यांतून पाणी, आणि हसताय.

"अगं भानू, शंभर घरांत गेली की कविता! मला दोन वर्षांत नाही जमलं!"

त्या रविवारी तुम्ही दुसऱ्या पानांचा गठ्ठा घेऊन बोईसरच्या बाजारात आलात. तुम्ही मासळीला हात न लावणाऱ्या. नाकाला पदर लावून हिरूच्या शेजारी गोणपाटावर बसलात. तो कंपनीतला माणूस आला. त्याच्याबरोबर खोलीवरचा नांदेडचा मुलगा होता, तो त्याला मराठीचा अर्थ सांगायचा. तुम्ही पान पुढे केलंत. नांदेडवाल्याने तिथेच मोठ्याने वाचलं, "समुद्र इथून दिसतोय सर, आता जाऊ काय?" आणि दोघं असे हसले की पलीकडचा भाजीवालाही आला. तो म्हणाला, "मला पण द्या की एक." हिरू म्हणाली, "आदी अर्धा किलो जवळा घे, मग कविता."

तुम्ही तिला बाजारातच मिठी मारलीत. घरी जाऊन साडी दोनदा धुवावी लागली म्हणालात.

तुम्ही ते सगळं साईटवर लिहिलंत. मग काय काय सुरू झालं! कोणी पिठाच्या गिरणीत दळणाच्या डब्यावर कविता चिकटवायला लागलं. एका सरांनी गावच्या न्हाव्याला आरशाशेजारी लावायला दिल्या. एका बाईंनी लिहिलं, आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून मेथीच्या जुडीत घालतो. तुम्ही प्रत्येक वेळी मला बोलावून वाचून दाखवायच्या, जणू सगळं मीच केलंय. मी केली होती ती चूक होती, बाई. पण तुम्ही कोणालाही तसं सांगितलं नाहीत.

मग तुमचे डोळे अधू झाले. अक्षरं हलतात म्हणायला लागलात. तेव्हा तुम्ही खुर्ची बदललीत. मला संगणकापुढे बसवलंत आणि स्वतः खिडकीपाशी. मी वाचायची, तुम्ही ऐकायच्या. पहिल्या दिवशी एका कवितेला मला पाऊण तास लागला. तुम्ही एकदाही "पुढे" म्हणाला नाहीत. एका बोटाने टाइप करायलाही तुम्हीच शिकवलंत. मला कविता आवडली की मी सांगायची आणि तुम्हाला ती आवडलेली नसायची. तुम्हाला खेकडेच हवे असायचे. पोरं हसली पाहिजेत. मला गप्प बसवणाऱ्या कविता आवडतात. यावरून आपण किती भांडलो!

"ही काय कविता? हिच्यात काही होतच नाही," तुम्ही म्हणायच्या.

"होतंय की. ती म्हातारी दार लावते."

"दार लावलं म्हणजे कविता झाली?"

"तुमी परत ऐका."

"तू परत वाचलीस तरी ती दारच लावणार."

त्या भांडणाचा निकाल लागला नाही. तुम्ही रुग्णालयात जायच्या आदल्या दिवशीही तेच चाललं होतं.

हे इथवर परवा लिहिलं. आता पुढचं.

काल मधल्या सुट्टीत मी संगणक सुरू केला. सरांनी एका कागदावर मजकूर लिहून दिला होता, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की". मी तेवढं टाइप केलं आणि थांबले. तुम्ही अशा बोलत नव्हतात. हे वाचून त्या लोकांना तुम्ही आठवणारच नाहीत. मी ते पुसलं. माझ्या मनाने लिहिलं. शुद्धलेखन कसं झालंय देव जाणे.

मी लिहिलं, "नमस्कार. दांडीच्या ग्रंथालयाच्या बाई गेल्या. आजारी होत्या. शेवटपर्यंत कविता ऐकत होत्या. त्यांना हसवणाऱ्या कविता आवडायच्या, तर तुम्हीही रडू नका. तुम्ही सगळे त्यांचे होतात. मी त्यांच्या खोलीत झाडते. एक वाचक म्हणून त्या लिहायच्या ती मी. भानुमती."

नाव दोनदा तपासलं. पाठवलं आणि पटकन संगणक बंद करून बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. शाळा सुटेपर्यंत त्या खोलीत गेले नाही. मग गेले.

बाई, पान भरून गेलं होतं. मला सगळं वाचायला तासभर लागला. गोंदियाच्या बाईंनी लिहिलंय की त्यांची बदली होऊन त्या खचल्या होत्या, तेव्हा तुम्ही रोज त्यांच्याशी बोलायच्या. हे मला माहीत नव्हतं. मेथीवाल्या बाईंनी लिहिलंय, "भानुमतीताई, आज मी झाडू हातात घेऊन तुमच्या बाईंसाठी कविता वाचली." मी रडले. पण चांगलं रडू होतं ते. खाली एकाने विचारलं होतं, "मग सोमवारची कविता कोण निवडणार?"

त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "हा काय प्रश्न झाला?"

म्हणून आज मधल्या सुट्टीत बसले. साईटवर नव्याने आलेल्या कविता एकेक करून वाचल्या. आजवरची प्रत्येक कविता आपण दोघींनी मिळून ऐकलेली असायची. आज मला आवडली ती मात्र तुम्ही ऐकलेलीच नाही. कधी ऐकणारही नाही.  कुठल्याशा शाळेतल्या सहावीच्या मुलीची आहे. एवढीच.

आई कामावरून येते,
आधी हात धुते,
मग बोलते.
मधल्या वेळात मी तिला बघत राहते.

मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग मला माझी आई दिसली, मासळीचे हात राखेने घासणारी, आणि तिच्यामागे उभी असलेली मी. सर दारात येऊन म्हणाले, "भानूताई, घंटा?" घड्याळ बघितलं तर मधली सुट्टी संपून दहा मिनिटं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत माझी घंटा कधी चुकली नव्हती. मैदानात पोरं खूश. मी धावत जाऊन घंटा दिली, परत येऊन तीच कविता पाठवली.

दुपारी एका सरांचं उत्तर आलं. कोण, कुठले, माहीत नाही. नावापुढे मोठी पदवी आहे. त्यांनी लिहिलंय, "कविता बरी आहे, पण मुलांना कळणार नाही. हिच्यात काही घडत नाही. मुलांना काहीतरी गंमत हवी."

अगदी तुमच्यासारखं, बाई! मला आधी वाटलं, गप्प बसावं. मोठे लोक आहेत. संगणक बंद करायला हात नेला आणि मग राग आला. मी सरळ पाचवीच्या वर्गात गेले. शिक्षिकेला विचारून कविता वाचून दाखवली. पोरांपुढे उभी राहून, पहिल्यांदा. आवाज बारीक निघाला, पण निघाला. वाचून झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माजी आई पण." आणि तिच्या शेजारची, "माजा बाबा बोटीवरनं आला का पयले आंगोल करतो." मग सगळी एकदम बोलायला लागली, वर्गाच्या बाईंनी गप्प करेपर्यंत.

परत आले आणि एका बोटाने त्या सरांना लिहिलं, "सर, नमस्कार. कळते. आत्ता विचारून आले. तुम्ही पण एकदा तुमच्या वर्गात वाचा. घाईने वाचू नका."

पाठवून दिलं. मी. अनोळखी, पदवीवाल्या सरांशी भांडले, बाई, आणि इतकी मजा आली की खोलीत एकटीच हसत बसले. आत्ता साडेचार झालेत. शाळा सुटली, खोली झाडून झाली, चाक गोल फिरतंय. ते सर उत्तर लिहितायत असं खाली दिसतंय. बराच वेळ लिहितायत. लिहू देत. मी कुठे पटकन ऐकणार आहे.